पडद्यावर जॉब बरोबर, चकात चुकीचा: सीएनसी लेथचा कोड कसा तपासायचा

"मावशी, कॉम्प्युटरवर तर बरोबर दिसून राहिला ना जॉब, मग मशीन काहून असं करून राहिली?"

माझा भाचा कंट्रोलच्या पडद्याकडे बोट दाखवून विचारत होता. जिनिंगच्या मशीनची पिन होती. बेअरिंगची जागा ३५ मिमी व्यासाची हवी आणि पडद्यावर एक्सचा, म्हणजे व्यासाचा, आकडा दिसत होता १७.५. नशीब, आम्ही झेड, म्हणजे लांबीचा अक्ष, १०० मिमी मागे सरकवून हवेत चालवत होतो. बारवर चालवले असते तर ४५ च्या बारमध्ये टूल पहिल्याच कटला कितीतरी आत घुसले असते. टूलची कापणारी टिप तर गेलीच असती, टूल धरणारा टरेटही हलला असता.

त्याचा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता आणि या लेखातले सगळे त्याच्याच उत्तरात आहे. कॅममध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनचा कोड बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आपण जे हिरवे-निळे चित्र फिरताना पाहतो, ते बहुतेक वेळा टूलपाथचे, म्हणजे टूलच्या वाटेचे, चित्र असते. कोड त्याच्यानंतर तयार होतो. टूलपाथ पोस्ट प्रोसेसरमधून जातो, तिथे त्याचे आपल्या कंट्रोलच्या भाषेत रूपांतर होते आणि तो कोड मशीन स्वतःच्या व्याकरणाने वाचते. भाषांतर चुकले तर चित्राला त्याचा पत्ताच नसतो. म्हणून चित्र कितीही सुंदर दिसो, सायकल स्टार्ट दाबण्याआधी कोड डोळ्यांनी वाचायचाच.

आमची शेड हिंगणघाट तालुक्यात, गावाच्या बाहेर आहे. बाबांचा जुना खराद होता, पट्ट्यावर चालणारा. जिनिंगवाले सीझनमध्ये रात्री दोन वाजताही शाफ्ट घेऊन दारात उभे राहायचे. मी आयटीआयला टर्नर ट्रेड केला, बाबांसोबत बसले आणि पुढे एक जुनी दोन अक्षांची सीएनसी, म्हणजे कोडवर चालणारा खराद, आणली. फानुक कंट्रोल, आठ टूलचा टरेट. खाली जे सांगते ते याच मशीनवर शिकलेले आहे. तुमचा कंट्रोल दुसरा असेल तर कोडची अक्षरे बदलतील, शोधायची रीत तीच राहील. इथे कोड देवनागरीत लिहिला आहे. मशीनवर तो इंग्रजी मोठ्या अक्षरांतच टाकायचा.

चूक कुठे जन्मली ते आधी ठरवा

जॉब चुकला की आपला हात पहिल्यांदा ऑफसेटकडे, म्हणजे मशीनला टूलचे माप सांगणाऱ्या आकड्याकडे, जातो. हीच सवय सगळ्यात जास्त माल खराब करते. ऑफसेट ओढून आजचा जॉब बसतो, पण कोडातली चूक तशीच राहते आणि उद्या दुसऱ्या जॉबवर वेगळ्या रूपात उगवते. चूक पाच ठिकाणांपैकी एका ठिकाणी असते: ड्रॉइंग किंवा मॉडेलमध्ये, टूलपाथमध्ये, पोस्टमध्ये, कंट्रोलच्या वाचनात, किंवा टूल आणि जॉबच्या पकडीत. कोणत्या ठिकाणी आहे हे चूक स्वतःच सांगते, फक्त मोजताना घाई करायची नाही. एकच व्यास मोजून थांबू नका. दोन-तीन व्यास, एक लांबी, एक चॅम्फर आणि असेल तर एक गोलाई, एवढे मोजून कागदावर ड्रॉइंगच्या आकड्याशेजारी लिहा.

सगळे व्यास सारख्याच आकड्याने मोठे किंवा लहान आले, समजा तिन्ही ठिकाणी ०.०८ जास्त, तर ते ऑफसेटचे काम आहे, कोडला हात लावू नका. व्यास निम्मे किंवा दुप्पट येत असतील तर पोस्ट एक्स त्रिज्येत देत आहे की व्यासात, ते पाहा. सरळ भाग बरोबर आणि फक्त चॅम्फर, टेपर, गोलाई चुकलेली असेल तर टिपेच्या नोज रेडियसचा हिशेब राहिला आहे. चकाजवळ बरोबर आणि टोकाकडे जाताना व्यास वाढत गेला तर जॉब लांब आहे आणि कटाखाली वाकतो आहे. टेलस्टॉक लावलेला असेल तर त्याचे सेंटरही तपासा. आणि एक जॉब बरोबर, दुसरा चूक, तिसरा पुन्हा बरोबर, असे चालले असेल तर कोड निर्दोष आहे. कोड रोज तोच असतो, तो लहरी नसतो. इन्सर्टचा स्क्रू, चकाचे प्रेशर, जॉमध्ये अडकलेली चिप, टरेटचे लॉक, तिकडे बघा.

उन्हाळ्यातली एक गोष्ट इथेच सांगते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वाईट हाल असतात. बेअरिंगची जागा ३५ के ६, म्हणजे के ६ टॉलरन्सची, असेल तर हद्द ३५.००२ ते ३५.०१८, म्हणजे अवघे १६ मायक्रॉन. स्टीलचा ३५ मिमीचा व्यास ३० अंशांनी तापला तर सुमारे १२ मायक्रॉन फुगतो. रफिंग करून लगेच गरम जॉब मोजला आणि मायक्रोमीटरने बरोबर सांगितले, तर तो थंड झाल्यावर ढिला बसू शकतो. अशा वेळी प्रोग्रामला दोष देऊन पहिल्या ओळीपासून शोधत बसलेली माणसे मी पाहिली आहेत. जॉब कूलंटखाली थंड करा, मग मोजा. सकाळचा पहिला जॉब आणि दुपारचा जॉब यांत फरक दिसला तर वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झिजेसाठीच्या बारीक दुरुस्तीत, तेवढाच घ्या.

कोड पेन्सिल घेऊन वाचा

आता आमच्या त्या पिनेचा रफिंगचा भाग देते. ईएन ८ स्टीलचा ४५ मिमी बार, पुढे आट्यांसाठी ३० चा भाग, मग ३५ ची बेअरिंगची जागा, मागे ४० चा कॉलर.

टी०१०१
जी५० एस२०००
जी९६ एस१८० एम०३
जी०० एक्स४७.० झेड२.० एम०८
जी७१ यू१.५ आर०.५
जी७१ पी१० क्यू२० यू०.४ डब्ल्यू०.१ एफ०.२५
एन१० जी०० एक्स२६.०
जी०१ झेड०.० एफ०.१५
एक्स३०.० झेड-२.०
झेड-२५.०
एक्स३५.०
झेड-६०.०
एक्स४०.०
झेड-८०.०
एन२० एक्स४७.०

पहिली ओळ टूलची. पहिले दोन आकडे टरेटवरची जागा, नंतरचे दोन ऑफसेटचा नंबर. टी०१०२ आले तर टूल पहिले आणि माप दुसऱ्याचे. कॅमच्या टूल लायब्ररीत नंबर नीट भरले नाहीत की असे होते, म्हणून दर टूलला ही ओळ बोट ठेवून वाचायची.

दुसरी ओळ राहिली तर माणूस जखमी होऊ शकतो, म्हणून तिच्यावर थोडे थांबते. जी९६ मध्ये एस म्हणजे फेरे नव्हेत, कापण्याचा वेग, मीटर दर मिनिटाला. व्यास कमी झाला की मशीन फेरे वाढवते. १८० च्या वेगाला ४५ व्यासावर सुमारे १२७३ फेरे होतात, १० व्यासावर ५७३०. फेसिंग करत टूल मध्यावर गेले की हिशेबाने फेऱ्यांना अंतच नाही. जी५० एस२००० ही त्यावरची लगाम आहे. फेरे वाढले की केंद्रापासून बाहेर ओढणाऱ्या जोराने चकाच्या जॉची पकड ढिली होते, आणि वेडावाकडा किंवा जड जॉब असेल तर तो चकातून निघू शकतो. पोस्टने ही ओळ दिली नसेल तर प्रोग्राम मशीनवर नेऊच नका.

याच जी५० चा एक दुसरा अर्थही आहे, तो विसरू नका. जुन्या प्रोग्राममध्ये जी५० एक्स२००.० झेड१५०.० असे दिसले तर ती लगाम नसून टूल आत्ता या जागी उभे आहे असे मशीनला सांगणे आहे. टूल प्रत्यक्षात दुसरीकडे असेल तर सगळी मापे तेवढी सरकतात. कुणाचा जुना प्रोग्राम आणला की ही ओळ सर्वांत आधी शोधा.

आता जी७१, म्हणजे थराथराने रफिंग करणारी सायकल. दोन ओळी आहेत आणि दोन्हींत यू आहे, आणि दोघांचा अर्थ वेगळा. पहिल्या ओळीतला यू म्हणजे एका बाजूने कटाची खोली, त्रिज्येत. यू१.५ म्हटल्यावर व्यास तीनने उतरतो. दुसऱ्या ओळीतला यू म्हणजे फिनिशिंगसाठी व्यासावर ठेवलेला माल. पहिल्या ओळीत चुकून ३.० लिहिले तर व्यास सहाने उतरेल आणि लहान मशीनचा स्पिंडल कण्हायला लागेल. काही जुने कंट्रोल दोन ओळींचा जी७१ घेतच नाहीत, एकाच ओळीत डी देऊन खोली सांगावी लागते. पोस्ट एका प्रकारचे आणि मशीन दुसऱ्या प्रकारची असेल तर अलार्म येणारच.

सायकलच्या आधी टूल जिथे उभे आहे ती जागा, इथे एक्स४७.०, तिथूनच जी७१ कट मोजायला लागते. बार ४५ चा आहे म्हणून ४७ ठेवले. कॅममध्ये स्टॉक ४० दिला आणि चकात ४५ चा बार बांधला तर टूल ४२ ला रॅपिडने येईल, म्हणजे थेट मालात. स्टॉकचे माप कॅममध्ये भरताना बार प्रत्यक्ष व्हर्नियरने मोजा, बिलावरचे माप धरू नका.

एन१० च्या ओळीत फक्त एक्स आहे, झेड नाही. साध्या प्रकारच्या जी७१ ला ते तसेच लागते. आणि पी१० क्यू२० ने सांगितलेल्या एन१० ते एन२० या ओळींत व्यास फक्त वाढत गेला पाहिजे. मध्येच खाच असेल, म्हणजे व्यास वाढून पुन्हा कमी झाला, तर कंट्रोल अलार्म देतो. आमच्या पिनेला आट्यांच्या शेवटी तीन मिमीची खाच आहे, ती आम्ही या ओळींत घेत नाही. ग्रूव्हिंग टूलने वेगळी काढतो. कॅम मात्र मॉडेलमधून आकार उचलताना ती खाचही उचलून आणते. तेव्हा आकार निवडताना खाचेवरून सरळ रेघ ओढा, किंवा सायकल बंद करून कॅमला सगळे पास लांबलचक लिहायला सांगा.

बोअरिंगला, म्हणजे आतले भोक कापायला, हाच जी७१ लावताना दुसऱ्या ओळीतला यू ऋण पाहिजे, यू-०.४. तो धन राहिला तर रफिंगमध्येच बोअर ०.४ ने मोठा होतो, आणि बोअर मोठा झाला की परतीची वाट नाही. बुशच्या एका ऑर्डरचे पहिले तीन नग मी याच एका चिन्हापायी भंगारात टाकले होते. त्या दिवसापासून बोअरिंगच्या प्रोग्रामवर त्या चिन्हाला लाल पेनाने गोल करते.

पॉइंटचे महत्त्व

फानुकवर एक्स५० आणि एक्स५०. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पॉइंट नसेल तर कंट्रोल आकडा मायक्रॉनमध्ये धरतो, म्हणजे एक्स५० म्हणजे ०.०५० मिमी. पॅरामीटर बदलून मिमीत धरायला लावता येते आणि काही मशीन तशा लावलेल्या असतात. म्हणूनच एका शेडमधला प्रोग्राम दुसऱ्या शेडमध्ये टूल चकात घालतो. हाताने दुरुस्ती करताना पॉइंट हमखास सुटतो. पोस्टमध्ये तो नेहमी यावा अशी सोय असते, ती चालू ठेवा.

काही अक्षरांना मात्र उलट पॉइंट चालत नाही. आट्यांच्या जी७६ मधला क्यू आणि त्याच्या दुसऱ्या ओळीतला पी, ड्रिलिंगच्या जी७४ मधला क्यू, हे मायक्रॉनमध्ये पूर्ण आकडे. पाच मिमीचा पेक, म्हणजे ड्रिलचा एक टोचा, हवा तर क्यू५०००. क्यू५ गेले तर ड्रिल पाच-पाच मायक्रॉनने टोचत बसेल. जी०४ थांबायचा कोड: पी दिला तर मिलिसेकंद, एक्स किंवा यू दिला तर सेकंद, आणि तिथे पुन्हा पॉइंट हवा.

मिलिंगचे पोस्ट लेथवर

ही चूक खेड्यापाड्यांतल्या शेडमध्ये फार होते, कारण मोफत मिळणारी पोस्ट बहुतेक मिलिंगची असतात आणि कुणीतरी तेच उचलून देते. बहुतेक फानुक लेथ कोडच्या ज्या ए पद्धतीवर चालतात, तिथे जी९० म्हणजे टर्निंगची चौकोनी सायकल. मिलिंगमध्ये तोच कोड 'मापे शून्यापासून धर' असे सांगतो. जी९२ लेथवर आट्यांची सायकल, जी९४ फेसिंगची. मिलिंगमध्ये जी९४ म्हणजे दर मिनिटाचा फीड. प्रोग्रामच्या डोक्यावर जी१७ जी९० जी९४ अशी ओळ दिसली की समजायचे, हा कोड लेथचा नाही. लेथला जी१८ प्रतल लागते. जी१७ राहिला तर पहिल्याच गोलाईवर अलार्म येतो.

फीडचेही तसेच. ए पद्धतीत जी९९ म्हणजे दर फेऱ्याला, जी९८ म्हणजे दर मिनिटाला. एफ०.२ जी९८ मध्ये गेला तर टूल हलतेय की नाही तेच कळत नाही, आणि लोक मशीन हँग झाली म्हणून रीसेट दाबतात. उलटे झाले, एफ२०० जी९९ मध्ये, तर दर फेऱ्याला २०० मिमी जायचा हुकूम. सायमेन्स असेल तर तिथे व्यास-त्रिज्येसाठी डायमॉन आणि डायमॉफ, फेऱ्यांच्या लगामीसाठी लिम्स. फानुकचा कोड तिथे थेट नेऊ नये.

आमच्या १७.५ च्या चुकीचे मूळही पोस्टमध्येच निघाले. पोस्ट नवीन टाकताना एक्स त्रिज्येत सोडला गेला होता. एक खूण बदलली आणि झाले. पण एक लक्षात ठेवा: गोलाईतला आय हा व्यासात चालणाऱ्या मशीनवरही त्रिज्येतच असतो, सुरुवातीच्या बिंदूपासून केंद्रापर्यंत. कुणी प्रोग्राममधले सगळे एक्सकडचे आकडे दुप्पट करून हातानेच पोस्ट दुरुस्त करायला गेले तर आयही दुप्पट होतो आणि त्रिज्या जुळत नाही म्हणून २० नंबरचा अलार्म येतो. पोस्ट केंद्र शून्यापासून मोजून देत असेल तरीही हाच अलार्म. सोपा उपाय म्हणजे पोस्टला आय-के ऐवजी आर द्यायला सांगा. दिशेसाठी माझा नियम असा: बाहेरून टर्निंग करत फेसकडून चकाकडे जाताना फुगीर कोपरा जी०३, आतला खोलगट कोपरा जी०२. गोलाई उलटी आली तर ही जोडी पाहा.

मुळात पोस्ट तपासायचे कसे? मशीनवर व्यवस्थित चाललेला, हाताने लिहिलेला एक जुना प्रोग्राम काढा. तोच जॉब कॅममध्ये बनवून कोड काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवा आणि ओळीला ओळ लावा. टूलची ओळ, लगाम, वेग, फीड, सायकल, परत जाणे, शेवट. एका दुपारचे काम आहे. जिथे फरक दिसेल तिथे पोस्टमध्येच दुरुस्ती करा आणि त्या फाइलला तारखेचे नाव द्या. दर प्रोग्राम हाताने सुधारत बसणारा एक दिवस एक ओळ विसरतोच.

आणखी एक गोष्ट पोस्टकडून हट्टाने मागा. दर टूलच्या सुरुवातीला सगळे पुन्हा लिहून यावे: टूल, लगाम, जी९६ की जी९७ (ठरलेले फेरे), फेरे, फीडचा प्रकार, कूलंट. पोस्टला वाटते आधी सांगितलेले पुन्हा कशाला. पण आमच्याकडे लाइन कधीही जाते. तिसऱ्या टूलवर लाइन गेली, परत आली, मशीन झीरोला नेली आणि तिसऱ्या टूलपासून सुरू केले, तर त्याच्या ओळींत जी९७ नसल्याने ड्रिल भलत्याच वेगाने फिरेल. ड्रिल तर मध्यावर, एक्स शून्यावर चालते. तिथे जी९६ शिल्लक राहिला तर फेरे थेट लगामीपर्यंत जातात.

टूलपाथ बरोबर, तरी आकार चुकतो

इन्सर्टचे नाव वाचा. सीएनएमजी १२०४०८ मधले शेवटचे ०८ म्हणजे ०.८ मिमीचा नोज. आपण टूल ऑफसेट घेताना एक्सला स्पर्श करतो, झेडला स्पर्श करतो, आणि मशीन समजते की टूलचे टोक त्या दोन रेघा मिळतात तिथे आहे. प्रत्यक्षात तिथे काहीच नाही, कोपरा गोल आहे. सरळ टर्निंग आणि फेसिंगमध्ये फरक पडत नाही. पण ४५ अंशांच्या चॅम्फरवर ०.८ च्या टिपेने सुमारे ०.४७ मिमी माल शिल्लक राहतो. दोनची चॅम्फर दीडच्या आसपास येते. ०.४ ची टिप लावली तर चूक निम्मी होते. म्हणून टिप बदलल्यावर चॅम्फर बदलली तर चकित होऊ नका.

दोनच रस्ते आहेत. एकतर कॅमला नोजचा हिशेब करायला सांगा, मग मशीनमध्ये जी४१-जी४२, म्हणजे नोजची भरपाई करणारे कोड, नकोत. नाहीतर मशीनला करू द्या, मग ऑफसेटच्या पानावर आर मध्ये ०.८ आणि टी मध्ये टोकाची दिशा भरा, बाहेरच्या टर्निंगला ३ आणि बोअरिंगला २, आणि कोडात बाहेरून जी४२, आतून जी४१. दोघांनीही हिशेब केला तर दुप्पट दुरुस्ती होते, दोघांनीही केला नाही तर वरची चूक. जी४२ लावल्यानंतरची पहिली चाल सरळ आणि नोजपेक्षा मोठी ठेवा; ती गोलाईची असली तर ३४ नंबरचा अलार्म येतो. बारीक खाचेत नोज मावत नसेल तर ४१ नंबरचा. फेसिंग करताना मधोमध कापसाच्या बोंडासारखे टोक उरत असेल तर आधी टूलची उंची पाहा. ती बरोबर असेल तर एक्स०.० ऐवजी एक्स-१.६ पर्यंत जा.

रॅपिडबद्दल एक धोका सांगून ठेवते. कॅममध्ये रॅपिडची रेघ सरळ तिरकी दिसते. पुष्कळ मशीनवर जी०० मध्ये दोन्ही अक्ष आपापल्या वेगाने धावतात, त्यामुळे वाट मोडलेली असते. बाहेरच्या टर्निंगला चालून जाते, पण बोअरिंग बार आतून निघताना तिरका निघाला तर भिंतीला घासतो. बोअरमधून आधी एक्स थोडा मध्याकडे, मग झेड पूर्ण बाहेर, मग टरेट फिरवा. या तीन ओळी वेगळ्या दिसल्या पाहिजेत.

आटे

आट्यांसाठी आमच्या पिनेच्या ओळी अशा:

जी९७ एस६०० एम०३
जी०० एक्स३२.० झेड६.०
जी७६ पी०२००६० क्यू१०० आर०.०५
जी७६ एक्स२७.५४६ झेड-२३.५ पी१२२७ क्यू३५० एफ२.०

एम ३० बाय २ ची उंची पिचच्या ०.६१३४ पट, म्हणजे १.२२७ मिमी, म्हणून पी१२२७. व्यासातून दुप्पट उंची वजा केली की २७.५४६. पहिल्या ओळीतले पी दोन-दोन आकड्यांत तोडून वाचा: दोन फिनिशिंग पास, शेवटी तिरके निघणे शून्य कारण खाच आहे, आणि ६० अंश. खाच नसती तर मधे १० ठेवले असते.

इथे जी९६ राहिला तर व्यासाबरोबर फेरे बदलतात आणि दर पासला आटा सरकतो. चालू सायकलमध्ये फेऱ्यांचे बटण फिरवले तरी तेच. झेड६.० म्हणजे तीन पिच मागून सुरुवात. स्लाइडला वेग पकडायला तेवढी जागा लागते, नाहीतर पहिले दोन आटे आखूड पिचचे येतात आणि नट तिथेच अडतो. गेज जात नाही म्हणून पुन्हा कट द्यायचा तर जॉब चकातून काढू नका आणि सुरुवातीचा झेड तोच ठेवा. आटे चालू असताना फीड होल्ड दाबला तरी बऱ्याच मशीनवर स्लाइड तो पास संपवूनच थांबते, हे नव्या मुलाला आधी सांगून ठेवा.

कोड मशीनमध्ये जाताना

कोड बरोबर, पण वाटेत बिघडतो असेही होते. एकदा कोड फोनवरच्या मेसेजमधून आला होता. फोनने उणेच्या चिन्हाची लांब आडवी रेघ केली होती आणि एका ठिकाणी शून्याच्या जागी ओ होता. डोळ्यांना दिसत नाही, मशीनला कळते. फाइल नेहमी फाइल म्हणूनच पाठवा, मजकूर म्हणून नाही. कंसातल्या शेऱ्यात मराठी अक्षरे टाकू नका, जुना कंट्रोल ती वाचत नाही.

सुरुवातीला आणि शेवटी टक्क्याचे चिन्ह हवे. ते कागदी पट्टीच्या काळापासून आले आहे. तेव्हा प्रोग्राम छिद्रांच्या पट्टीवर असे आणि म्हणूनच जुन्या फानुकची मेमरी अजून मीटरमध्ये सांगतात, ८० मीटर म्हणजे ३२ केबी. कॅमने सायकलऐवजी लांबलचक कोड दिला तर अशी मेमरी लवकर भरते. ओळींचे नंबर बंद केले तर थोडी जागा वाचते, पण पी आणि क्यूच्या ओळींचे नंबर ठेवाच. केबलने पाठवत असाल तर दोन्हीकडचा बॉड रेट (पाठवण्याचा वेग) आणि पॅरिटी (चूक ओळखायची खूण) सारखी हवी, आणि केबल लावताना-काढताना मशीन व लॅपटॉप दोन्ही बंद.

पहिला जॉब

झेडचा वर्क ऑफसेट, म्हणजे जॉबचे शून्य, १०० मिमी बाहेर घ्या. सिंगल ब्लॉक चालू, रॅपिड २५ टक्के, एक हात फीड होल्डवर. आणि टूलकडे बघू नका, पडद्यावरच्या 'उरलेले अंतर' या रकान्याकडे बघा. टूल जॉबपासून दहा मिमीवर दिसते आहे आणि रकाना साठ मिमी उरले म्हणत असेल, तर खरे रकाना सांगतो. दर टूलला मालाजवळ आल्यावर एकदा थांबून हा आकडा डोळ्यांच्या अंदाजाशी ताडा. सगळी टूल हवेत फिरली की ऑफसेट परत आणा, आणला की नाही ते दोघांनी वाचा. पहिला नग फिनिशिंगच्या वेअरमध्ये एक्सला ०.२ जास्त ठेवून काढा, मोजा, मग उतरवा. वेअर भरताना थेट इनपुट जुना आकडा पुसतो आणि प्लस इनपुट त्यात मिळवतो; दोन्ही बटणे शेजारी असतात.

जॉब पास झाला की मशीनमधला, दुरुस्त झालेला प्रोग्राम परत कॉम्प्युटरवर घ्या. आम्ही त्याचा एक कागद छापून प्लास्टिकच्या पिशवीत टाकतो. त्यावर तारीख, बारचा व्यास, कोणत्या जागेवर कोणता इन्सर्ट, चकाच्या जॉच्या बाहेर बार किती काढला आणि सॉफ्ट जॉ कितीला बोअर केले होते, एवढे भाचा स्वतःच्या हाताने लिहितो. दसऱ्यानंतर जिनिंग सुरू झाल्या की तीच पिन परत येते, आणि तेव्हा तो मला न विचारता आधी ती पिशवी काढतो, मग पेन्सिल.